मास्तरांच्या बोटावरचा खेकडा

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे.

जुन्या वस्तूंनी हळव्या सुरात बोलावं अशी पद्धत आहे. जुनी छत्री बोलायला लागली की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, जुनी खुर्ची बोलली की लोक तिच्यावर हात फिरवतात. मला तो सूर जमत नाही. ज्याला बोलायला फक्त दोन आकडे आणि एक बारीक 'टीं' मिळाली, आणि घरात सगळ्यांत खरं बोलूनही ज्याचं सगळ्यांत कमी ऐकलं गेलं, त्याच्या अंगात गोडवा कुठून येणार? तरी सांगतो. सध्या मी शिवणाच्या मशीनच्या खणात पडून आहे. एका बाजूला बटणांचा डबा, दुसऱ्या बाजूला मापाची टेप. या दोघांना माझी गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की हल्ली मी तोंड उघडलं की टेप झोपेचं सोंग घेते.

दिसायला मी कपड्यांच्या चिमट्याचा मावसभाऊ. वरचा जबडा, खालचा जबडा, मध्ये बोट. वरच्या जबड्यात दोन दिवे आहेत. एक लाल, तो तुम्हाला दिसतो. दुसऱ्याचा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. खालच्या जबड्यात माझा डोळा. ऑक्सिजन पोटात घेऊन निघालेलं रक्त लालभडक असतं, रिकाम्या हाताने परतणारं रक्त काळपट. बोटातून माझा उजेड आरपार गेला की कुठलं रक्त किती आहे ते मला कळतं, आणि नाडीच्या ठोक्यांशेजारी तो शंभरातला आकडा मी कपाळावर लिहितो. पंचाण्णवच्या वर असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते. त्याच्या खाली घसरायला लागला की कान टवकारायचे. नव्वदच्या खाली गेला तर गप्पा थांबवायच्या आणि उठायचं. एवढंच माझं शास्त्र. यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टोपीत केस कोंबलेल्या बायका ओळीने बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या समोर माझी चिक्कार भावंडं. मला ज्या बाईने तपासलं ती शेजारणीला आपल्या जावेच्या तक्रारी सांगत होती. बोलता बोलताच तिने स्वतःचं बोट माझ्या तोंडात दिलं, आकडा बघितला, "हा चांगला आहे," म्हणाली आणि पुन्हा जावेकडे वळली. मित्रांनो, माझ्या आकड्यावर कुणी वाद न घालता विश्वास ठेवला, तो तेव्हा. तेव्हा मला वाटलं होतं, जग असंच असतं.

मग ते वर्ष आलं. दारं लागली, रस्ते ओस पडले, आणि माझ्या जातीला एकदम भाव आला. औषधांच्या दुकानात शेवटचा उरलेला मी, आणि काउंटरवर दोन बायका. त्यातली जी जिंकली तिच्या पिशवीतून मी या घरात आलो. ती शिवणकाम करते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं तिचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, आतल्या खोलीत पलंग, आणि पलंगावर तिचा नवरा.

या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. तो पोहायला शिकवतो. रुंद खांदे, उन्हाने रापलेली मान, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला शिंकला तर त्या टोकाची पोरं पाय मारायला लागतात. भिंतीवर त्याची पदकं. तलावाची अख्खी लांबी तो पाण्याखालून, एकदाही डोकं वर न काढता पार करत असे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. त्याची लेक त्याच्याच हाताखाली पोहायला शिकली. घरात तो तिला मासोळी म्हणतो. तलावावर मात्र लाड नाहीत. तिथे तिनेही त्याला 'मास्तर' म्हणायचं आणि इतरांसारखी शिस्त पाळायची.

"हे काय आणलंस?" मला बघून मास्तरांनी विचारलं.

"ऑक्सिजन मोजायचं यंत्र. घरात असावं."

"अगं, माझा ऑक्सिजन मोजायला हे? विहिरीत वाटी बुडवून पाणी मोजण्यातला प्रकार आहे हा."

मासोळीने मला तिच्या बोटाला लावलं. नखांवर निळं नेलपॉलिश होतं, त्यामुळे मी चाचपडलो, भलतंच काहीतरी दाखवलं. तिच्या आईने डबीतला कागद वाचून दाखवला: नखं स्वच्छ हवीत, हात गार नकोत, हलायचं नाही. तिने रंग पुसला, पुन्हा लावलं. "आई गं, खेकड्यासारखा चावतो!" ती हसली. त्या दिवसापासून मी या घरचा खेकडा. असो. नाव ठेवण्यात लोकांना फार गती असते, ऐकण्यात नसते.

विषाणू घरात कुठून आला ते कळलं नाही. तो काही दार वाजवून येत नाही. नाकातून, घशातून आत शिरतो, तिथल्या पेशींची कुलपं उघडतो, आणि त्यांच्याच घरात बसून, त्यांचंच सामान वापरून स्वतःच्या प्रती काढत राहतो. शरीराला सुगावा लागला की ते चूल पेटवतं. त्याला तुम्ही ताप म्हणता. मास्तरांना आधी घसा खवखवला, मग कोरडा खोकला, मग अंग असं दुखायला लागलं की उशी बदलायलाही बायकोला हाक. तपासणीत व्हायचं ते निघालं. मास्तर आतल्या खोलीत, बाकीच्या दोघी बाहेर, आणि मधे बंद दार.

पण एका घरात दार ते काय अडवणार! एके सकाळी बाई मशीनवर बसली होती, लेक खिडकीत, आणि स्वयंपाकघरातून काळा धूर बाहेर आला. दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं.

"अगं, तुला वास नाही आला?" आईने विचारलं.

"तुला आला?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आतून मास्तर ओरडले, "काय झालं?" म्हणजे तिसरं नाकही कामातून गेलेलं. हा विषाणू वास ओळखणाऱ्या भागात गडबड करतो आणि माणसाला फुलाचा कळत नाही, धुराचाही कळत नाही. त्या दिवसापासून या घरात गॅससमोर खुर्ची टाकून बसायची पाळी ठरली.

त्या दोघींना हा आजार हलकाच गेला. आईला दोन-तीन दिवस कणकण आणि डोकेदुखी, लेकीला एका दुपारचा ताप आणि पुढचे सगळे दिवस कंटाळा. बहुतेकांचं असंच होतं, मित्रांनो. शरीराचे शिपाई विषाणूला नाका-घशातच गाठतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. उगाच घाबरवायला मी ही गोष्ट सांगत नाही.

मास्तरांचाही ताप उतरला. त्यांनी दाराआडून जाहीर केलं, "बघितलंत? पट्टीच्या पोहणाऱ्याला काय होतंय!" बाईने देवाचे आभार मानले. लेकीने टाळी वाजवली. आणि मी, पलंगाशेजारच्या स्टुलावर, हातपाय नसल्याबद्दल पहिल्यांदा हळहळलो.

कारण काही जणांत हा आजार दोन डावांत खेळतो. पहिल्या डावात विषाणू धिंगाणा घालतो. दुसरा डाव साधारण आठवड्याने, माणूस 'सुटलो बाबा' म्हणतो तेव्हा सुरू होतो, आणि त्यात शरीराचे आपलेच शिपाई चवताळतात. शत्रू कमी झालेला असतो, पण हे थांबत नाहीत, दिसेल त्याच्यावर लाठी चालवतात. फुप्फुसांत इवल्या इवल्या फुग्यांचे घोस असतात. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. या मारामारीत त्या भिंती सुजतात, फुग्यांत पाणी झिरपतं, बारीक नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या अडकू शकतात. छाती भात्यासारखी हलत राहते, हवा आत जाते, पण तिच्यातला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचत नाही.

मास्तरांच्या बोटात रक्ताचा रंग बदलत होता. माझ्या कपाळावर आलं: ब्याण्णव.

मास्तरांनी बघितलं. भुवया उंचावल्या. मग त्यांनी जे केलं त्याने माझा संताप संताप झाला. त्यांनी मला बोटावरून काढलं. पलंगावर ताठ बसले, खांदे मागे टाकले आणि खोल, लांब श्वास घ्यायला सुरुवात केली. एक, आणखी एक, आणखी. पाण्याखालून तलाव पार करायच्या आधी घ्यायचे तसे. पुरेसे झाल्यावर मला पुन्हा लावलं, आणि छाती फुगवून वाट बघत राहिले. आता एवढी हवा कोंबल्यावर रक्ताला घटकाभर थोडं जास्त मिळणारच. मी खोटं बोलू शकत नाही. मी लिहिलं: पंचाण्णव.

"पंचाण्णव!" मास्तरांनी दाराकडे तोंड करून आरोळी ठोकली.

"वा!" बाहेरून दोन आवाज.

आणि त्यांनी मला काढून ठेवलं. पुढच्या क्षणी आकडा पुन्हा घसरला असणार, पण तो बघायला मी बोटावर नव्हतो!

मित्रांनो, असं रोज चाललं. शिक्षक वर्गात येण्याआधी मस्तीखोर वर्ग हाताची घडी घालून बसतो ना, तसं. ते मला फसवत होते का? मला वाटतं, नाही. ते मनापासून समजत होते की ही परीक्षा आहे, आणि परीक्षेला माणूस तयारी करूनच बसतो. आयुष्यभर त्यांच्यासमोर शिट्टी आणि घड्याळ घेऊन कुणीतरी उभं होतं. मी त्यांना आणखी एक पंच वाटलो. मी पंच नाही हो! मी खिडकी आहे. खिडकीसमोर कसरत करून बाहेरचं हवामान बदलत नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरबाई फोनवर चौकशी करायच्या. "मास्तर, ऑक्सिजन किती?"

"पंचाण्णव. कधी चौऱ्याण्णव."

"धाप लागते का?"

"छे! मस्त वाटतंय."

"खोलीत थोडं चालून या आणि मग परत बघा. आकडा पडला तर लगेच सांगा."

मास्तर चालले. आज्ञाधारकच होते तसे. मग बसले, डुबकीचे श्वास घेतले, आणि मग मला लावलं. डॉक्टरबाईंना पुन्हा गोड बातमी. त्या बिचाऱ्या फोनच्या पलीकडे. आरोळी ऐकू येते, छाती दिसत नाही. माझी 'टीं टीं' मी किती केली म्हणून सांगू! मास्तरांनी शेवटी बटण दाबून माझा आवाजच बंद केला. "फार कटकट करतो हा खेकडा." ऐका! मी कटकट करतो!

आता तुम्ही विचाराल, एवढा ऑक्सिजन कमी असून माणसाला गुदमरल्यासारखं कसं वाटलं नाही? तीच तर या आजाराची लबाडी. शरीरातली गुदमरण्याची घंटा मुख्यतः वाजते ती आत साचलेल्या टाकाऊ वायूमुळे. तो वायू मास्तर अजून भराभर बाहेर टाकत होते. आत येणारं कमी पडत होतं, पण त्याची घंटा बारीक. ती पुष्कळांना ऐकूच येत नाही. माणूस हसतो, बोलतो, चहा मागतो, आणि ओठ मात्र निळसर होत जातात. बुडत्याचा पाय खोलात जात असतो आणि बुडत्याला वाटतं आपण तरंगतोय.

एका दुपारी मास्तर झोपले होते. आता दोघी त्याच आजारातल्या, त्यामुळे दाराचा पहारा सैल झाला होता. बाई तोंडाला मास्क लावून जेवणाचं ताट उचलायला आत आली, आणि सहज म्हणून तिने मला त्यांच्या बोटाला लावलं. झोपलेला माणूस कसरत करत नाही. मी जीव तोडून लिहिलं: अठ्ठ्याऐंशी.

तिने मला काढलं, झटकलं, स्वतःच्या बोटाला लावलं. सत्याण्णव. पुन्हा मास्तरांना. सत्त्याऐंशी. तिने बाहेर जाऊन नव्या बॅटऱ्या आणल्या, माझं पोट उघडून बदलल्या. अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, आता! आता कळेल! तेवढ्यात मास्तर जागे झाले.

"काय करतेस?"

"अहो, हा अठ्ठ्याऐंशी दाखवतोय."

"झोपेत हात गार पडला असेल. आण इकडे." बसले, खांदे मागे, श्वास, श्वास, श्वास. "हे बघ. त्र्याण्णव. यंत्रच तसलं. स्वस्तातलं आणलंस, दुसरं काय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मास्तरांवर विश्वास ठेवायचा होता, माझ्यावर नाही. आणि त्यात तिची चूक काय? मी घरात येऊन जुम्मा जुम्मा चार दिवस झालेले, नवरा इतक्या वर्षांचा. पण आरसा पुसून पुसून नाक सरळ होत नाही. मला तिने मशीनच्या खणात आणून टाकलं, बटणांच्या डब्याजवळ.

तिथेच माझी टेपशी पहिली ओळख झाली. मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्यात नवल ते काय? माझ्यासमोर सगळेच पोट आत ओढतात. मग कपडा घट्ट झाला की शिवणारीला बोल."

मासोळी आईच्या समोर बसली होती. "आई, बाबांचा आकडा झोपेत कमी आणि उठल्यावर जास्त का येतो?"

"हात गार पडतो म्हणतात."

"नाही गं. ते लावायच्या आधी डुबकीचे श्वास घेतात. मी दाराच्या फटीतून बघितलं. आम्हाला तलावावर तसले श्वास घ्यायची बंदी आहे. आत बेशुद्ध पडतो माणूस, म्हणतात, आणि बुडताना कळतही नाही. मला एकदा त्यावरून सगळ्यांसमोर बाहेर काढून बसवलं होतं. आणि आता स्वतःच..."

शिवण्याचा आवाज थांबला. बाईने सुई कापडातच ठेवली आणि समोर लटकलेल्या अर्धवट झग्याकडे बघितलं. त्या झग्याची मालकीण माप देताना श्वास रोखून उभी राहिली होती, आणि बाईने नेहमीप्रमाणे तिला हसवून, बोलतं करून, मग खरं माप घेतलं होतं. वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती. गिऱ्हाईक बोलायला लागलं की पोट सुटतं.

"बोलतं करायचं," ती स्वतःशीच म्हणाली. मग खण उघडला आणि मला उचललं.

दोघी आत गेल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते. चेहरा राखाडी.

"पुन्हा खेकडा?" ते म्हणाले. "थांबा, जरा..." आणि खांदे मागे.

"नाही बाबा," लेक म्हणाली. "श्वास नाही घ्यायचे. तलावाचे नियम म्हणायचे. मोठ्याने. आम्हाला म्हणायला लावता तसे."

"हा काय पोरखेळ?"

"अहो, म्हणा की. पाठ नाहीत का?" बाईने डिवचलं.

एवढं मास्तरांना पुरेसं होतं. मला बोटाला लावलं आणि त्यांनी सुरुवात केली. "नियम पहिला. ओल्या फरशीवर पळायचं नाही." आवाज ठणठणीत. एक्क्याण्णव. "नियम दुसरा. कुणालाही..." थांबले. "कुणालाही पाण्यात ढकलायचं... नाही." अठ्ठ्याऐंशी. बाईने मान खाली घातली होती. ती माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. "नियम तिसरा. डुबकीच्या आधी..." श्वास. "आधी... मोठमोठे..."

पुढचं वाक्य आलंच नाही. दम संपला म्हणूनही, आणि आपण काय म्हणतोय ते कानावर पडलं म्हणूनही. खोलीत फक्त त्यांच्या छातीचा आवाज. शहाऐंशी. पंच्याऐंशी.

"चौथा," लेक हळूच म्हणाली. "चौथा मी म्हणते. धाप लागली तर लाजायचं नाही, हात वर करायचा. हात वर करणाऱ्याला कुणी हसणार नाही. हसला तर तो बाहेर बसेल." तिने डोळे पुसले आणि मग घरात कधी न म्हटलेला शब्द म्हणाली. "मास्तर, हात वर."

मास्तर तिच्याकडे बघत होते. कितीतरी पोरांना त्यांनी हे शिकवलं होतं. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्यापेक्षा हात वर करणारा मोठा, असं ते पालकांना सांगत. स्वतः त्यांनी तो कधी केला नव्हता, कधी लागलाच नव्हता. ते हसायला गेले, हसू खोकल्यात अडकलं.

आणि त्यांनी हात वर केला. माझ्यासकट.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या डोक्याच्या वर गेलो. तसा हात वर धरला की बोटातलं रक्त कमी होतं आणि मी गोंधळतो. माझ्या कपाळावर नुसत्या आडव्या रेघा उमटल्या. पण त्या क्षणी माझ्या आकड्याची कुणालाच गरज नव्हती.

"चला," बाई म्हणाली, आणि फोन उचलला.

गाडी आली. मास्तर मला बोटाला लावूनच निघाले, जसं एखादं पोर मोठ्यांचं बोट धरतं, फक्त उलटं. इस्पितळाच्या खोलीत माझा मोठा चुलता भिंतीवर बसला होता, मोठ्या पडद्याचा, हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास सगळं एकदम दाखवणारा. त्याच्या एका 'टीं'वर लोक धावत येत. धावत! मी उशीशेजारून बघत राहिलो आणि मला रडू आलं असतं, डोळ्याचं काम वेगळं आहे म्हणून आलं नाही.

मास्तरांच्या नाकातोंडावर मास्क चढला, ऑक्सिजन सुरू झाला. चवताळलेल्या शिपायांना शांत करायचं औषध, रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शन. आणि सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, पालथे व्हा. फुप्फुसांचा पाठीकडचा भाग मोकळा होतो."

"पालथं पडायला... मी शिकवतो लोकांना," मास्तर मास्कमधून पुटपुटले.

"मग आज तुम्ही शिका. आणि बोलू नका, दम वाचवा."

सोपं नव्हतं. मधे दोन दिवस असे गेले की डॉक्टर दाराबाहेर बाईशी हलक्या आवाजात बोलत आणि घशात घालायच्या मोठ्या नळीचं नाव निघे. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा एका दुपारी तिथे नव्हते, आणि चादर बदललेली होती. डॉक्टरबाई बाईला एवढंच म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अजून थोडं थांबला असतात तर मला काही सांगता आलं नसतं." मास्तरांनी ते ऐकलं. पालथ्या माणसाचे कान उघडेच असतात.

मग सूज ओसरत गेली. चुलत्याचा आकडा हळूहळू वर चढला, ऑक्सिजन हळूहळू कमी केला, आणि एक दिवस मास्तर घरी आले. लोकांना वाटतं गोष्ट इथे संपली. कुठली संपतेय! ज्या माणसाने तलाव पाण्याखालून पार केला तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायचा. अंघोळ केली की झोपायचा. उशीवर गळलेले केस. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा, मग चिडायचा, मग त्या चिडण्याची लाज वाटून गप्प व्हायचा. शेजारी म्हणत, "आता बरे झालात ना? मग काय लोळताय?" हा आजार फुप्फुसांतून गेला तरी नसांत, स्नायूंत, डोक्यात महिनोन् महिने रेंगाळू शकतो, हे त्यांना कोण सांगणार? मी? माझ्याकडे दोनच आकडे.

बाई मात्र शिकली होती. ती मला रोज त्यांच्या बोटाला लावायची आणि लावताना काहीतरी विचारायची. "अहो, आपल्या लग्नात तुमचा मामा रुसला होता तो कशावरून हो?" मास्तर तावातावाने सांगायला लागायचे, आणि ती खरं माप घ्यायची.

तलाव उघडला तेव्हा मास्तर खुर्ची टाकून उथळ टोकाशी बसायला लागले, जिथे सगळ्यांत लहान पोरं असतात. आवाज आता दुसऱ्या टोकाला पोचत नाही. मासोळी घरी येऊन सांगते, की नियम तेच आहेत, फक्त चौथा आता पहिला झाला आहे. आणि शिकवताना धाप लागली की मास्तर स्वतः हात वर करतात, आणि सगळी पोरं थांबतात. एक पोरगं हसलं होतं. ते बाहेर बसलं.

आणि मी? मी खणात. माझ्यावर दोऱ्याची बॉबिन ठेवतात. नव्या बॅटऱ्या जुन्या होऊन माझ्या पोटात पाझरायला लागल्या आहेत, हिरवा गंज चढला आहे, आणि कुणी झाकण उघडून बघत नाही. घरात कुणी खोकलं की म्हणतात, "साधी सर्दी." असेलही. मी कुठे नाही म्हणतोय? पण बघायला काय जातं?

म्हणून शेवटचं सांगतो, वैताग बाजूला ठेवून. तुमच्याही घरात माझं एखादं भावंड पडलेलं असेल. त्याच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवा, काच पुसा. वेळ आली तर नख साफ करा, हात उबदार असू द्या, आणि जसे आहात तसे बसा. आम्हीही चुकतो, सावळ्या कातडीत तर कधी कधी आकडा असतो त्यापेक्षा बरा दाखवतो. म्हणून आकडा आणि माणूस, दोन्ही बघा. फक्त आमच्यासमोर नटून येऊ नका. छाती फुगवून मिळवलेला आकडा शाबासकीसारखा दिसतो, पण त्याने ऑक्सिजन मिळत नाही.

आणि आम्ही कुणी जवळ नसलो, खणात गंजून गेलो असलो, तरी धाप लागली की हात वर करा. हसणारा बाहेर बसेल.